गिटार केबिनमध्ये येणार की नाही ते तिकीट काढतानाच सांगा : विमान कंपन्यांना खुलं पत्र

विमान कंपन्यांचे बॅगेजचे नियम लिहिणाऱ्या मंडळींना,

नमस्कार.

हे पत्र काउंटरवरच्या स्टाफसाठी नाहीये आणि केबिन क्रूसाठी तर अजिबातच नाही, त्यांच्याशी भांडून आजवर कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही, तुम्ही जे लिहून दिलंय तेवढंच ते बिचारे बोलतात. पत्र तुम्हाला आहे, म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात बसून जे लोक वेबसाइटवरचं वाद्यांचं ते एक पान लिहितात त्यांना. त्या पानावर बहुतेकांचं उत्तर सारखंच असतं, शब्द थोडे इकडेतिकडे. छोटी वाद्यं केबिनमध्ये नेता येतील, जागा असल्यास, अंतिम निर्णय स्टाफचा. एवढं लिहून तुम्ही मोकळे होता. आणि त्या एका ओळीवर भरवसा ठेवून कोणीतरी परदेशातल्या दुकानात गिटारीचे पैसे भरत असतं.

परदेशात गिटार का घ्यायची असं कोणी विचारेल म्हणून एका ओळीत सांगून टाकतो. हवं ते मॉडेल आपल्याकडे मिळत नाही, किंवा डावखुरी गिटार पाहिजे असते, किंवा जुनी सेकंड हँड सापडते, किंवा चार सारख्या दिसणाऱ्या गिटारी हातात घेऊन वाजवल्यावर त्यातली एकच बोलते आणि तीच घरी न्यायची असते. कुरिअरनेही येते, पण मग तिचं काय होतंय ते आणखी कमी कळतं. विमानातून आपल्याबरोबर आणणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग, आणि तो तुमच्या दारातून जातो.

आता गंमत अशी की गिटार घेणाऱ्याचा प्रॉब्लेम एअरपोर्टवर सुरूच होत नाही, तो दुकानात सुरू होतो. पैसे भरताना दुकानदार विचारतो, केस कुठली देऊ? गिग बॅग म्हणजे जाड फोम घातलेली, पाठीला अडकवायची कापडी बॅग. हलकी असते, अंगाबरोबर असते, आणि ओव्हरहेड बिनमध्ये, म्हणजे सीटवरच्या कप्प्यात, मावायची शक्यता हिचीच जास्त. हार्ड केस म्हणजे लाकडाची किंवा फायबर-प्लास्टिकची पेटी, आत गिटारीच्या आकाराचा मखमली खड्डा, बाहेर कड्या आणि कुलूप. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, टाकायची असेल तर हीच पाहिजे, पण ही उचलून विमानात आलात तर बऱ्याच विमानांत बिनचं झाकण लागत नाही. म्हणजे हिशोब सरळ आहे, केबिन असेल तर गिग बॅग, होल्ड असेल तर हार्ड केस. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, दोन्हीला आमच्याकडे तयारी आहे. तयारी नाहीये ती "गेटवर बघू"ला. गिग बॅग घेऊन आलो आणि शेवटच्या क्षणाला तुम्ही नाही म्हणालात तर कापडी बॅगेतली गिटार वीस-वीस किलोच्या सुटकेसांमध्ये जाऊन पडते, सगळ्यात वाईट जर काही असेल तर हेच. हार्ड केस घेऊन आलो तर केबिनचा प्रश्नच संपला, जागा रिकामी असली तरी. मधल्या जातीच्या, अर्धवट कडक केसही मिळतात, मी त्या वापरून पाहिल्यात, होल्डसाठी नाजूक आणि बिनसाठी जाड.

म्हणजे जो निर्णय तुम्ही बोर्डिंगच्या आधी पाच मिनिटं घेता, त्याच्यावर अवलंबून असलेला निर्णय आम्हाला कित्येक दिवस आधी, दुसऱ्या देशात, पैसे मोजून घ्यावा लागतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

बाकी जे लिहितोय ते हे सोडवता येण्यासारखं आहे हे सांगायला.

आधी तुमचेच आकडे घेऊ. केबिन बॅगची कमाल लांबी बहुतेकांकडे 55-56 सेंटीमीटर. साध्या फुल साइझ गिटारीवर डोक्याजवळच्या नट नावाच्या पट्टीपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत जी तार वाजते, नुसती ती तारच सुमारे 65 सेंटीमीटर असते. बॉडीचा उरलेला भाग आणि वरचं डोकं, म्हणजे हेडस्टॉक, धरलं की गिटार एक मीटरच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या मापाने जगातली एकही फुल साइझ गिटार केबिनमध्ये येऊ शकत नाही. तरी रोज येतात, शेकड्याने येत असतील, कारण बिनची खरी लांबी तुमच्या त्या लोखंडी माप-पिंजऱ्यापेक्षा बरीच जास्त असते. मग याचा अर्थ काय झाला, तर केबिनमध्ये आलेली प्रत्येक गिटार ही कोणाच्यातरी मेहेरबानीने आलेली आहे. मेहेरबानी करणारे लोक भरपूर भेटतात हे पण सांगतो, नाहीतर हे पत्र उगाच रडगाणं वाटेल. पण मेहेरबानीवर सामान बांधता येत नाही.

चेक-इनचं मापही तसंच. लांबी अधिक रुंदी अधिक उंची 158 सेंटीमीटर, हे सुटकेस डोळ्यासमोर ठेवून ठरवलेलं. मोठ्या अकूस्टिक गिटारीच्या हार्ड केसची लांबी साधारण 108-110, रुंदी 42 वगैरे, जाडी 15, बेरीज करा, 165 च्या पुढे जाते. वजन मात्र आठेक किलो, 23 किलोच्या अलाउन्समध्ये जवळजवळ तीनदा बसेल एवढं. तर काही कंपन्या वाद्य म्हणून सूट देतात, काही ओव्हरसाइझचे पैसे लावतात, आणि काहींकडे ते कोण काउंटरवर आहे त्यावर ठरतं. जाताना एकाने सोडलं आणि येताना दुसऱ्याने पैसे घेतले, कंपनी तीच, हे गिटार घेऊन फिरणाऱ्या कोणालाही विचारा.

माझ्याबरोबर जे झालं ते सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही. कस्टमर केअरला ईमेल करून विचारलं होतं, उत्तर आलं केबिनमध्ये चालेल. त्या भरवशावर गिग बॅग घेतली. चेक-इनला दाखवली, त्या बाईंनी हसून जाऊ दिलं, म्हणाल्या छान आहे. गेटवर दुसरे गृहस्थ, त्यांनी लांबूनच बघितलं आणि टॅग काढला. ईमेल दाखवला तर म्हणाले हे कस्टमर केअरचं आहे, इथे आम्ही ठरवतो. गिटार खाली गेली. आणि आता ऐका, शाबूत परत आली, एक ओरखडा नाही. म्हणूनच लिहितोय. फुटली असती तर हे पत्र तुम्ही क्लेम म्हणून फाइल करून टाकलं असतं, आता निदान तसं करता येणार नाही. माझी तक्रार नुकसानीची नाहीच, एकाच कंपनीच्या तीन माणसांनी एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरांची आहे.

आता काहींना वाटेल एवढं काय त्यात, फोम असतो, बॅग असते, काळजीपूर्वक ठेवतो आम्ही. ठेवत असाल. पण गिटार कशी मोडते हे जरा समजून घ्या कारण ती बाहेरून दिसेल अशी फारशी मोडतच नाही. स्टील तारांची अकूस्टिक सुरात लावलेली असताना सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो. हा ताण चोवीस तास नेक (गिटारीची लांब मान) आणि बॉडी झेलत असतात. गिटारीचं डोकं म्हणजे हेडस्टॉक बऱ्याच गिटारींवर मागे झुकलेलं असतं, गिब्सन कंपनीच्या कितीतरी मॉडेल्सवर हा कोन 17 अंशांच्या आसपास आहे, आणि नेमकं नटच्या मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथेच अनेकदा ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत तारांचा ताण तोलून धरणारी सळई, घट्ट-सैल करायला खाच कोरलेली असते. वर सहा धातूच्या ट्यूनिंग की, त्यांचं वजन वेगळंच. आता ही केस पाठीवर आपटली, फार नाही, ट्रॉलीवरून पट्ट्यावर टाकतात तेवढीच, तर बॉडी केसच्या खड्ड्यात थांबते पण डोकं अधांतरी असतं, ते झटक्याने मागे जातं, तारांचा ताण आधीच ओढतोय, आणि नटच्या मागे बारीक तडा. केसवर काही दिसत नाही. एअरपोर्टवर उघडून बघितलं तरी कधी कधी दिसत नाही, घरी जाऊन तारा लावायला लागलं की कुरकुर ऐकू येते.

म्हणून जे लोक नेहमी नेतात ते तारा एक-दोन सूर उतरवतात, अगदी लोंबत्या सैल करत नाहीत कारण मग ट्रस रॉड उलट बाजूला ओढतो, आणि हेडस्टॉकच्या खाली, वर, दोन्ही बाजूंना टीशर्ट, मोजे, जे असेल ते कोंबतात, डोकं हलता कामा नये. नेक आणि बॉडीच्या जोडापाशी पण. केस हलवून बघायची, आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून कोंबायचं. फेंडरसारख्या बोल्ट-ऑन नेकच्या गिटारी असतील तर काही जण चार स्क्रू काढून नेक वेगळा करून सुटकेसमध्येच घालतात, डोकंही सपाट असतं त्यामुळे मोडायची भीती तशीही कमी. अकूस्टिकवाल्याला हा मार्ग नाही, तिचा नेक सहसा स्क्रू काढून निघत नाही. तर हे सगळं आम्ही करतो, पण कधी, तर होल्डमध्ये जाणार हे आधी माहीत असेल तेव्हा. गेटवर, मागे साठ माणसांची रांग, हातात पासपोर्ट, तिथे मी हेडस्टॉकखाली मोजे कोंबू का?

होल्डबद्दल एक गैरसमज आहे तो आमच्या बाजूचा, तो पण मिटवतो. लोक म्हणतात होल्डमध्ये हवा विरळ असते, दाबाने गिटार फुटते. तसं काही नसतं, प्रवासी विमानात होल्डमध्येही दाब केबिनसारखाच ठेवलेला असतो. थंडी मात्र असते, आणि खरा त्रास जमिनीवर होतो, कडक उन्हात तापलेल्या डांबरावर ट्रॉली उभी, नाहीतर पावसात. गरमीत डिंक मऊ पडतो, ब्रिज उचकटायला लागतो. थंडगार केस एकदम गरम खोलीत उघडली तर नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पातळ वार्निशवर बारीक भेगांची जाळी उमटू शकते, म्हणून घरी आल्यावर केस काही तास बंदच ठेवायची, कितीही हात शिवशिवत असले तरी. आणि केबिन काही स्वर्ग नाही, तिथली हवा फार कोरडी असते, बऱ्याचदा आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली, आणि सॉलिड लाकडाच्या गिटारीला 45 ते 55 हवी असते. लांब फ्लाइटला केसमध्ये आर्द्रतेची पाकिटं ठेवतात ती त्यासाठी. म्हणजे केबिन पाहिजे ती हवेसाठी नाही, आपटू नये म्हणून पाहिजे. एवढाच मुद्दा आहे.

बरं, नियम करणं अशक्य आहे असं म्हणायची सोय नाहीये कारण तो केलेला आहे. अमेरिकेने 2012 च्या कायद्यात तरतूद केली, त्यांच्या वाहतूक खात्याने नियम काढला आणि तो 6 मार्च 2015 पासून लागू आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, गिटार किंवा व्हायोलिनसारखं छोटं वाद्य केबिनमध्ये न्यायला द्यायचं, अट एकच, आपण चढतो त्या वेळी ते सुरक्षित ठेवायला जागा शिल्लक पाहिजे. आधी आला त्याची जागा. एकदा ठेवलं की नंतर आलेल्याच्या बॅगेसाठी ते काढायला लावता येत नाही, आणि केबिन बॅगला जी फी असेल त्यापेक्षा वेगळे पैसे वाद्य म्हणून लावता येत नाहीत. मोठ्या वाद्यासाठी सीट विकत घ्यायची मुभा, होल्डमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून 150 इंच आणि वजन 165 पाउंडापर्यंत घ्यायचं, विमानात मावत असेल तर. हा नियम तिथल्या कंपन्यांना लागू आहे. त्याने सगळं सुटलं असं मी म्हणत नाही, जागा शिल्लक असल्यास ही पळवाट त्यातही आहेच, पण निदान भांडण कशावरून करायचं ते ठरलं. माप-पिंजरा बाद झाला, उरला फक्त क्रम. आणि क्रम आमच्या हातात असू शकतो, लवकर चढायचे पैसे भरू, रांगेत आधी उभे राहू. ज्याच्यावर आमचं काहीतरी चालतं अशी अट आम्हाला चालेल.

तुम्ही याहून एक पाऊल पुढे जाऊ शकता कारण तुमच्याकडे माहिती आहे आणि आमच्याकडे नाही. कुठल्या फ्लाइटला कुठलं विमान लागणार हे तुम्हाला बुकिंगच्या वेळी माहीत असतं. ए320 आणि 737 च्या जातीच्या विमानांत गिग बॅगेतली गिटार बहुतेक वेळा बिनमध्ये आडवी बसते. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत मापाचा प्रश्न क्वचितच येतो, प्रश्न गर्दीचा. आणि एटीआर 72 सारखं पंख्याचं विमान किंवा पन्नास सीटचं छोटं जेट असेल तर विसराच, तिथे ट्रॉली बॅगपण दारात काढून घेतात. हे काही गुपित नाही. पण परदेशातून येणाऱ्याचा प्रवास कसा असतो, पहिली फ्लाइट मोठ्या विमानाची दहा तासांची, मग कनेक्शन, आणि शेवटचा एक तास छोट्या विमानाचा. दहा तास गिटार डोक्यावर सुखात झोपते आणि शेवटच्या तासाला खाली जाते, गिग बॅगेत. तिकीट काढताना जर तुमची साइट चार्जिंग पॉइंट आहे की नाही, वायफाय आहे की नाही, जेवणात काय आहे हे सगळं सांगू शकते तर या फ्लाइटच्या बिनमध्ये किती लांबीचं वाद्य मावतं हा एक आकडा दाखवायला काय जातं? विमान आयत्या वेळी बदललं तर बदललं, तेवढी समज आहे आम्हाला. तोच नियम भागीदार कंपनीच्या फ्लाइटला लागू आहे का हेही तिथेच लिहा, कारण तिकीट एकीने विकायचं आणि विमान दुसरीचं असेल तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

मग म्हणाल सीट विकत घ्या. घेऊ. पण विकता का तुम्ही? साइटवर प्रवासी किती या रकान्यात मोठी माणसं, मुलं, तान्ही बाळं. वाद्य नाही. फोन करायचा, तासभर संगीत ऐकायचं (तेही सिंथेसायझरवरचं), मग समोरच्याला समजावायचं की सीट गिटारीसाठी हवीये, मग तो तिच्या नावाने तिकीट काढतो, तुमच्या धंद्यात याला सीबीबीजी असा कोड आहे एवढं मला आता पाठ झालंय, बुकिंग करणाऱ्याला मात्र बऱ्याचदा मलाच सांगावा लागतो. पुढे ऑनलाइन चेक-इन होत नाही कारण सिस्टिम दुसऱ्या प्रवाशाचा पासपोर्ट नंबर मागते. खिडकीची सीट लागते, इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत चालत नाही, पट्टा लावावा लागतो, हे सगळे सुरक्षेचे नियम योग्यच आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला पैसे कुठे द्यायचे ते सापडू नये? आठ किलोची प्रवासी, जेवण मागत नाही, टॉयलेटला उठत नाही.

आता त्या कागदाबद्दल. गिटार होल्डमध्ये घेताना तुम्ही एक टॅग पुढे करता, सही करा, वस्तू नाजूक आहे, मोडल्यास कंपनी जबाबदार नाही. सही नाही केली तर घेत नाही म्हणता. रांग मागे असते, माणूस करतो सही. तर आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी 1999 चा माँट्रियल करार आहे, 130 हून जास्त देश त्यात आहेत, आणि त्यातलं सव्विसावं कलम म्हणतं की करारातली जबाबदारी टाळणारी किंवा मर्यादा कमी करणारी अट रद्दबातल. सतराव्या कलमाप्रमाणे चेक-इन केलेलं सामान तुमच्या ताब्यात असताना खराब झालं तर जबाबदारी तुमची, फक्त वस्तूतल्या मूळच्याच दोषामुळे जेवढं नुकसान झालं तेवढं सोडून. आता तुमचा माणूस म्हणणार गिटार नाजूक असणं हाच मूळ दोष. वाद घाला, जरूर घाला, पण मग तो वाद घालता येण्यासारखा आहे हे त्या टॅगवर लिहा, "कंपनी जबाबदार नाही" असं छापून माणसाला घरी पाठवू नका. बरेच जण त्या सहीमुळेच पुढे क्लेमच करत नाहीत, आणि मला दाट शंका आहे की टॅगचा खरा उपयोग तोच आहे.

भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर झालीये, त्याआधी 1,288 होती. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, तुमच्या वकिलांना माहितीये. ही मर्यादा सगळ्या सामानाची मिळून आहे, नुसत्या गिटारीची नाही. गिटार त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जास्तीची किंमत लिहून द्यायची आणि लागेल तो जादा आकार भरायचा अशी सोय त्याच कराराच्या बाविसाव्या कलमात आहे. कधी काउंटरवर मागून बघा. आधी समोरचा सुपरवायझरला बोलावतो, सुपरवायझर फोन लावतो, आणि शेवटी म्हणतात असा फॉर्म नसतो आमच्याकडे. पंचवीस वर्षांहून जुना करार, फॉर्म नाही.

आणि मुदत. खराब झालेल्या चेक-इन सामानाची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करायची, एकतिसावं कलम. वर सांगितलं तसा तडा लगेच दिसत नाही म्हणून हे सात दिवस फार महत्त्वाचे आहेत. पण एअरपोर्टवर सांगतात इथून बाहेर पडलात की संपलं. 2009 साली एका कॅनेडियन गायकाने त्याची फुटलेली गिटार आणि नाकारलेला क्लेम यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं होतं, तुमच्या सगळ्यांच्या ट्रेनिंगमध्ये ते दाखवत असतील, त्याला तेव्हा सांगितलेलं कारण हेच होतं की चोवीस तासांत तक्रार केली नाही. त्याच्याकडे गाणं होतं म्हणून जगाला कळलं. आम्हा बाकीच्यांचं वाजवणं तेवढं बरं नाही.

बारीकसारीक एक गोष्ट, टॅग लावून खाली नेलेली गिटार परत कुठे मिळणार हे टॅगवर लिहीत जा. विमानाच्या दारात, ओव्हरसाइझच्या काउंटरवर की सरळ पट्ट्यावर? माणूस ओव्हरसाइझच्या दाराशी उभा आणि गिटार तिकडे पट्ट्यावर गोल गोल फिरतीये, वर दुसऱ्याची ट्रंक पडतीये, हे मी डोळ्याने बघितलंय, माझी नव्हती म्हणून अजूनच वाईट वाटलं कारण कोणाची ते ओळखून सांगताही येईना.

आमच्या लोकांबद्दलही दोन शब्द बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. गिग बॅगच्या पुढच्या खिशात पेडल, केबल, लॅपटॉप, दोन जीन्स भरून ती गरोदर असल्यासारखी करून आणणारे आहेत आमच्यात. गिटार ही एक बॅग धरली तरी वर ट्रॉली, वर बॅकपॅक घेऊन येणारे आहेत. बिनमध्ये गिटार ठेवून उरलेल्या जागेत कोणी मऊ जॅकेट ठेवलं तरी ओरडणारे आहेत, ते तर मला पण आवडत नाहीत. वायरलेस सेटच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केसमध्येच विसरून केस होल्डला देणारेही आहेत, आणि त्या होल्डमध्ये चालत नाहीत हा नियम सगळीकडे आहे, तिथे तुम्ही केस उघडायला लावलीत तर तुमचं बरोबरच आहे. गिटार म्हणजे केबिनची माझी एकुलती एक बॅग, बाकी सगळं चेक-इन, अशी अट टाकलीत तर मी तरी आनंदाने मान्य करीन आणि ओळखीतले बहुतेक करतील.

तर मागणं असं आहे. तुमच्या त्या पानावरची जागा असल्यास वाली ओळ काढा. तिच्या जागी हो लिहा, नाही लिहा, किंवा या विमानात हो आणि त्या विमानात नाही असं लिहा. हो असेल तर बुकिंगला एक वाद्याची टीप जोडायची सोय द्या, ती गेटवरच्या माणसाच्या स्क्रीनवर दिसली पाहिजे, म्हणजे माझा ईमेल आणि त्याचा अधिकार यांची कुस्ती लावावी लागणार नाही. नाही असेल तर तेही चालेल, खरंच चालेल, मी हार्ड केस घेईन, मोजे कोंबीन, ओव्हरसाइझचे पैसे पण देईन, पण मला ते दुकानात असतानाच कळू दे. कोणी कायमचं नाही म्हणणारी कंपनी असेल तर मी तिच्यावर चिडणार नाही, उलट तिच्याबरोबर काय न्यायचं ते मला नक्की माहीत असेल.

उत्तर दिलंत तर बरं वाटेल. साचेबंद नको, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" हे मला तोंडपाठ आहे.

आपला,
पुढच्या वेळीही गिटार घेऊन येणारच असा एक प्रवासी

ता. क. कस्टम्सचा भाग तुमच्या हातात नाही हे माहितीये, पण चेक-इनला विचारणारे बरेच असतात म्हणून स्टाफला एवढं सांगून ठेवा. टूरिस्ट म्हणून टॅक्स परत घ्यायचा असेल तर परतीच्या काउंटरवर वस्तू दाखवायला सांगू शकतात, त्यामुळे तिथला शिक्का आधी आणि होल्डचा टॅग नंतर, उलट झालं तर शिक्का गेला. स्वतःची जुनी गिटार घेऊन बाहेर जाणाऱ्याने निघतानाच सिरियल नंबरसकट कस्टम्सकडून कागद करून घ्यावा, नाहीतर परत येताना ती बाहेर विकत घेतली नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि लाकूड. 2 जानेवारी 2017 पासून रोझवूडच्या सगळ्याच जाती सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आल्या तेव्हा खूप गोंधळ झाला होता, 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, तरी अजूनही कोणीतरी काउंटरवर रोझवूड ऐकलं की दचकतं. सूट नाही ती ब्राझिलियन रोझवूडला, ते 1992 पासून सगळ्यात कडक यादीत आहे, आणि साठच्या दशकातल्या जुन्या अकूस्टिक गिटारींवर ते सर्रास सापडतं, मार्टिन या गिटार कंपनीने तर 1969 मध्ये भारतीय रोझवूडकडे वळेपर्यंत तेच वापरलं. तशी गिटार कोणी आणत असेल आणि कागद नसेल तर ती केबिनमध्ये असो की होल्डमध्ये, उतरल्यावर जप्त होऊ शकते, तिथे तुमचा बिचाऱ्यांचा खरंच काही दोष नाही.